बंद कपाटातला कोट

ओल्या दगडासारखा शेवट. लांबलेला.

घोड्याचं खोगीर. पण सभ्य घोडा.

खांदे रुंद, कंबर जवळजवळ नाही.

आत्ताच टोक केलेली पेन्सिल, मागे काळी चेरी, त्याच्याही मागे कुणीतरी चामडी बॅग घेऊन गेल्यासारखं.

लाजरी, दुसऱ्या ग्लासानंतर ऐकत नाही.

मांजर. (हे साहेबांनी खोडलं.)

वाइनच्या बाटल्यांच्या पाठीवर हे जे छापलेलं असतं ते मी लिहिते. अकरा वर्षं झाली. लोक हसतात, आणि हसत हसत दुसरी बाटली उचलतात.

मार्चपासून मला वास येईनासा झाला. ताप आला, गेला, जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल. कधी, ते म्हणाले नाहीत.

वास न येणारी चाखणारी म्हणजे पाय नसलेला पोस्टमन. ऑफिसात कळलं असतं तर त्याच दिवशी खुर्ची गेली असती, आणि घरात कमावणारी मी एकटी. म्हणून मी नमुन्याच्या बाटल्या पर्समध्ये घालून घरी न्यायला लागले.

घरी आत्या आहे. माझ्या वडिलांची मोठी बहीण. तेहतीस वर्षं तिने लाँड्री चालवली. चिठ्ठी हरवली तर शर्ट हुंगून गिऱ्हाईक ओळखायची. वाइनचा थेंब जिभेला लावत नाही. फक्त हुंगते, आणि तोंड वाकडं करते.

"काय येतंय, आत्या?"

"शर्ट."

"कसला?"

"बँकेतल्या माणसाचा. सोमवारी घातला, गुरुवारी आणून टाकला. कॉलरला तेल."

मी लिहिलं: *प्रौढ, संयत, किंचित तेलकट पोत.*

"आणि ही?"

"शाळेचा गणवेश. खिशात पेन्सिलीची सालं आणि चिकटलेली गोळी."

*देवदार. काळ्या बेरीचा मुरंबा.*

"ही तर काहीच नाही गं. नुसती धुतलेली पांढरी चादर."

*स्वच्छ, खनिज, शिस्तीची.*

"तू यातलं खरं किती लिहितेस?"

"तू सांगतेस तेवढं."

"मग कॉलरचं तेल कुठे गेलं?"

"पोतात."

"हं. शिकलेल्या लोकांचं धुणं," ती म्हणाली आणि मटार सोलायला बसली.

सहा महिने. तीस लॉट. एक तक्रार नाही.

एकतिसावा लॉट शुक्रवारी आला. आत्याने ग्लास दोनदा नाकाशी नेला. एरवी एकदाच नेते.

"हा कोट आहे. न्यायलाच कुणी आलं नाही असा. वर्षभर बंद कपाटात."

किती सुंदर, मला वाटलं. शुक्रवार होता, बस गाठायची होती. लिहिलं: *बंद कपाटात राहिलेला जुना कोट. लोकर, काळोख, आठवण. सावकाश उलगडते.* पाठवून दिलं.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या धंद्यात घोडा चालतो. मांजरसुद्धा कधीमधी चालते. बंद कपाट चालत नाही. बंद कपाट म्हणजे वाइन बिघडली, लाकडाला नाहीतर बुचाला बुरशीची बाधा झाली. नवशिक्यालाही हे पहिल्या आठवड्यात पाठ होतं. नाक शाबूत असतं तर मी पहिल्याच श्वासाला ग्लास लांब सारला असता. पण मी वासावर नव्हते, वाक्यावर होते.

सोमवारी जिन्यावर पावलं वाजली. मुख्य चाखणारे साहेब. त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना नाकसाहेब म्हणतो. ते कधी वर येत नाहीत; त्यांच्याकडे खाली जायचं असतं. प्रत्येक लॉट आधी त्यांच्या नाकाखालून जातो, चिठ्ठीवर त्यांची सही होते, मग नमुना माझ्याकडे येतो, असा नियम.

हातात माझा कागद होता.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो सर."

"वास घेऊन?"

मी पेनचं टोपण काढलं. लावलं. पुन्हा काढलं.

"हो की नाही, एवढंच विचारतोय."

"नाही सर."

मग सगळं बाहेर आलं. ताप, पर्स, आत्या, बँकेतला माणूस, चादर. बोलताना मी टेबलावरच्या वस्तू गोळा करत होते, कारण त्या घरी न्यायच्या होत्या. कप. डबा. वहिनीने दिलेलं कॅलेंडर.

साहेबांनी दार लावलं. आता संपलं, मी म्हटलं.

"मला दोन वर्षं झाली," ते म्हणाले.

"कशाला, सर?"

त्यांनी नाकाला बोट लावलं.

कॅलेंडर माझ्या हातातच राहिलं.

"मग लॉट पास कोण करतं?"

"तुमचा मजकूर येतो ना. तो वाचतो, बरा वाटला की सही करतो."

"पण सही तर आधी झालेली असते!"

"तारीख मागची टाकतो."

मग ते हसायला लागले, आधी नुसते खांदे, मग सगळे. मीही. अकरा वर्षांत आम्ही एकत्र हसलो नव्हतो.

"म्हणजे आख्ख्या कंपनीचं नाक..." ते डोळे पुसत म्हणाले.

"आमच्या स्वयंपाकघरात मटार सोलतंय."

"चला. पिंपं अजून बाटल्यांत गेलेली नाहीत. बुधवारी भरायची आहेत."

लॉट एकतीस म्हणजे तीस पिंपं. साहेबांनी तीस छोट्या बाटल्या भरल्या, नंबर टाकले, आणि त्या मांडीवर घेऊन मी त्यांच्या गाडीत बसले.

आत्याने साहेबांना खालून वर पाहिलं.

"कोट कोरडा धुवून घ्या कधीतरी."

"हो, आत्याबाई."

मग ती हुंगायला बसली. पंधरा मिनिटांत तीन बाटल्या बाजूला काढल्या. सात, आठ, नऊ.

"हे तिघे कपाटातले. बाकीचे बरे आहेत, हा बावीस नंबर जरा शहाणपणा करतो, पण बरा आहे." मग साहेबांना विचारलं, "तुमच्याकडे लाकूड कशाने धुता?"

"गरम पाण्याने. का?"

"माझ्याकडे एकदा एका पोरीने कोटांचा लाकडी रॅक ब्लीचने धुतला. कौतुकाने. पुढे सहा महिने सगळे कोट असाच वास मारायचे. शेवटी रॅक फेकला. लाकडाला ब्लीच दाखवायचं नसतं."

साहेबांनी तळघरात फोन लावला. स्पीकरवर सफाईवाल्याचा आवाज आला, आनंदी.

"हो सर, ब्लीचनेच, बाहेरून! तीनच झाली, सात-आठ-नऊ! मग माझी रजा सुरू झाली. पण कसली पांढरी निघालीत बघा!"

साहेबांनी डोळे मिटले. "उरलेल्यांना हात लावू नकोस."

"आजपासून घेणार होतो, सर."

"नको म्हणतोय ना, बाबा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे मालकीणबाईंसमोर उभे राहिलो आणि सगळं सांगितलं, मागच्या तारखांसकट. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एकच विचारलं.

"बाहेर किती गेल्या?"

"एकही नाही."

त्यांनी श्वास सोडला तसे टेबलावरचे कागद हलले. मग साहेबांना म्हणाल्या, "तारखा पुन्हा मागच्या टाकल्यात तर दोघांनाही घरी पाठवीन." मला म्हणाल्या, "तुम्ही लिहीत राहा. आणि त्या बाईंना विचारा, त्यांना वेळ असतो का."

आत्याला वेळ होता. पण अटी होत्या. दहाला येईन, बाराला जाईन. खुर्चीला पाठ हवी. मला पाजायची नाही. आणि मी शर्ट म्हटलं की कागदावर शर्टच लिहायचं.

"ते विकणार नाही गं, आत्या."

"बँकेतला माणूस घेईल की."

गुरुवारी तीन पिंपं मागच्या अंगणात रिकामी केली. साहेब आणि मी नळीशेजारी उभे होतो. लाल पाणी जाळीतून खाली जात होतं. दोघांनाही कसलाच वास येत नव्हता, आणि तसं उघड म्हणायची आता सोय होती.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"काही कळत नाही, सर."

"मलाही नाही," ते समाधानाने म्हणाले.

मला पहिला वास डिसेंबरात आला, दंतवैद्याच्या खुर्चीत, लवंगेच्या तेलाचा.