सोयाबीनचं सँडविच

ईरप्पांनी ताटलीत उरलेला कण बोटाने टिपला आणि बोट चाटलं.

पेजेची वाटी घेऊन आलेली चंद्रिका दारातच थांबली. आतड्याचं ऑपरेशन करून नवऱ्याला घरी आणल्यापासून तिने त्यांना कुठल्याही पदार्थाला असा हात लावताना बघितलं नव्हतं. पेजेचे दोन-चार चमचे, डाळीच्या पाण्याचा एखादा घोट, की मान भिंतीकडे. डॉक्टरांनी दिलेली प्रोटीनची पावडर तर नुसत्या वासाने उलटायची. नवी पेठेतल्या चादरींच्या दुकानात आयुष्यभर गादीवर मांडी घालून बसलेला तो भरदार माणूस आता स्वतःच्याच सदऱ्यात हरवल्यासारखा दिसे. मागच्या तपासणीला डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले होते, "आजी, पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. त्यांच्या अंगात ते सोसायची ताकद आहे असं मला वाटत नाही."

"काय खाल्लंत?" तिने विचारलं.

"पाण्यासाठी उठलो. फ्रिजमधी डबा दिसला. ब्रेडमधी काय की भाजीसारखं होतं, पांढरं." त्यांनी ताटली तिच्याकडे सरकवली. "बरं होतं."

ईरप्पांच्या तोंडून 'बरं होतं' निघणं ही लहान गोष्ट नव्हती. चंद्रिका पेजेची वाटी तिथेच ठेवून जवळजवळ धावतच मागच्या खोलीत गेली. मुलीची मुलगी आरोही आजोबांसाठी सुट्टी जमवून पुण्याहून आली होती. कानाला हेडफोन लावून ती लॅपटॉपवर काम करत होती.

"आरोही, तुझ्या डब्यात काय होतं गं? आज्जांनी सगळं संपवलं! ब्रेडसकट!"

आरोहीने हेडफोन काढला. "कुठला डबा?"

"फ्रिजमधला."

पोरीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती उठली आणि तिने आधी दार लावून घेतलं.

"अव्वा, त्यात ट्यूना होता."

"ती कुठली भाजी?"

"भाजी नाही. मासा आहे. टिनमध्ये मिळतो." तिचा आवाज फाटला. "मी पुण्यात खाते. इथं आणायलाच नको होता. पार मागे ठेवला होता गं, कागदात गुंडाळून. ते स्वतः उठून फ्रिज उघडतील असं मला वाटलंच नाही."

चंद्रिकेचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीवर गेला आणि तिथेच राहिला. तिला काही ऐकू येईनासं झालं. आरोहीचे ओठ हलत होते, बाहेर कुणी रिक्षाचा हॉर्न वाजवत होतं, पण सगळं काचेपलीकडून आल्यासारखं. ज्या हॉटेलात सामिष शिजतं तिथला चहासुद्धा न घेणारा माणूस. जावयाने एकदा चेष्टेत अंड्याचा विषय काढला म्हणून भरल्या ताटावरून उठलेला माणूस. त्या माणसाने आत्ता बोट चाटलं होतं.

ती स्वयंपाकघरात गेली. ताटली नळाखाली धरून चिंचेने घासली, पुन्हा घासली, आणि शेवटी कागदात बांधून मागच्या बोळातल्या कचऱ्यात टाकून आली. मग आंघोळ केली. मग ईरप्पांच्या पलंगाशी बादली ठेवून बसली. आता उलटी होणार. शरीराला कळल्याशिवाय राहणार नाही. ज्याने डाळीचं पाणी ठेवलं नाही ते पोट हे कसं ठेवेल?

ईरप्पा घोरू लागले. चांगली, खोल झोप. संध्याकाळी डोळे उघडले तेव्हा त्यांनी बादलीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"ते दुपारचं उरलंय काय?"

"न्हाई."

"कशाचं होतं?"

"सोयाबीनचं," चंद्रिका म्हणाली. शब्द बाहेर पडला आणि मग तो तिने ऐकला.

आरोही या खोट्याला तयार नव्हती. "त्यांना सांगायला पाहिजे, अव्वा. चूक माझी आहे, मी सांगते. शरीर त्यांचं, धर्म त्यांचा. आपण कोण ठरवणारे?"

"सांग की," चंद्रिका म्हणाली. "सांग, आणि मग त्यांनी पाणीसुद्धा बंद केलं की नळी घालताना तू त्यांचे हात धर. माझ्यानं न्हाई व्हायचं."

आरोही रडली. मग डोळे पुसून तिने बॅगेतले ट्यूनाचे उरलेले डबे बाहेर काढले.

शिकवणी गच्चीवर झाली, पत्र्याच्या आडोशाला. वेगळी सुरी, वेगळं पातेलं, स्टोव्हवर वेगळा तवा. चंद्रिका पदर नाकावर घट्ट धरून पायरीवर बसली होती. डब्याचं झाकण उघडलं तेव्हा तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा दिसला तो फिकट गुलाबी, कोरडा गोळा. डोकं नाही, डोळे नाहीत, काटे नाहीत. तिने ज्याची भीती धरली होती त्यातलं काहीच नव्हतं, आणि त्यामुळे तिला जास्तच भीती वाटली.

"सगळं पिळण्यावर आहे, अव्वा," आरोही सांगत होती. "पाणी राहिलं की ब्रेड भिजतो, संपलं सगळं. कांदा एकदम बारीक, आणि थोडा वेळ गार पाण्यात, म्हणजे उग्रपणा जातो. काकडीच्या बिया काढायच्या. आणि हे हातानं मोकळं करायचं, पण पार पीठ नाही करायचं. दाताखाली काहीतरी लागलं पाहिजे. आता यात मेयोनीज घालतात."

"त्यात काय असतं?"

"अंडं."

"अंडं नको."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. हसू कुणालाच आलं नाही. आरोही खाली जाऊन फडक्यात दही टांगून आली.

ब्रेडला आतून लोणी लावून तीच बाजू तव्यावर शेकायची, म्हणजे ओल आत शिरत नाही आणि वरचा भाग मऊ राहतो. मिरपूड ताजी कुटलेली. चंद्रिका सगळं डोक्यात ठेवत गेली. आयुष्यभर तिने स्वयंपाक केला होता. हात शिकायला नाही म्हणत नव्हते. मनाला तिने विचारलंच नाही.

आरोही पुण्याला गेल्यावर ती एकटीच करू लागली. डबे संपले तेव्हा घरापासून लांबच्या, ओळखीचं कुणी येत नाही अशा मोठ्या दुकानात गेली. काचेमागच्या मुलीने "मासेवाला डबा ना, आजी?" असं मोठ्याने विचारलं, तेव्हा तिने पैसे पुढे केले आणि सुटे घ्यायचं विसरून बाहेर आली. एकदा शेजारच्या गच्चीवरून सुंदरम्माने कपडे वाळत घालता घालता हाक मारली, "चंद्रिकाक्का, तुमच्याकडून मासळीचा वास येतोय की!"

"मांजर कुठनं तरी आणतंय," चंद्रिका म्हणाली. सुंदरम्माने कपड्याला चिमटा लावला आणि पुढे काही विचारलं नाही.

चव मात्र ती बघत नव्हती. मीठ अंदाजाने, दही अंदाजाने. ब्रेड ताटलीत ठेवून ती ईरप्पांसमोर ठेवायची आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून बघायची. ते चावायचे, गिळायचे, पुन्हा चावायचे. सकाळी आंघोळ करून ती पूजेला बसे, इष्टलिंग तळहातावर घेई, पण त्याच्याकडे नजर लावून बसणं तिला जमेना. ती तळहाताच्या कडेकडे बघत राही.

ईरप्पांच्या गालात मांस धरू लागलं. ते काठीशिवाय बाल्कनीपर्यंत जाऊ लागले, रस्त्यावरच्या भाजीवाल्याशी भावावरून हुज्जत घालू लागले. सकाळी भात, दुपारी सँडविच. डॉक्टर खूश झाले.

"काय देताय, आजी?"

"सोयाबीन," ती म्हणाली.

"वा! बाकीच्या पेशंटांना पण सांगतो."

घरी येताना रिक्षात ईरप्पा तिच्याकडे बघत होते. ती बाहेर बघत होती.

त्यानंतरच्या एका दुपारी त्यांनी पहिला घास घेतला आणि ताटली बाजूला केली.

"आज बरोबर न्हाई."

चंद्रिका दाराआडून पुढे आली. "काय झालं? मीठ जास्त झालं?"

"तूच बघ."

"मी जेवले की मघाशी."

"एक घास बघायला जेवण आड येतंय व्हय?" त्यांनी सँडविचचा कोपरा तोडला आणि हात पुढे केला. "घे."

"माझा उपास हाय."

"आत्ताच म्हणालीस, जेवले."

त्यांचा हात पुढेच राहिला. दुखण्याने वाळलेला, पण आता न थरथरणारा. चंद्रिकेला वाटलं, काहीतरी सांडावं, कुणीतरी दार वाजवावं, फोन यावा. काहीच झालं नाही. खालून बोहारणीची हाक आली आणि लांब गेली. नको म्हणावं तर का ते सांगावं लागलं असतं. का ते सांगितलं तर समोरचा माणूस पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडला असता, या वेळी कायमचा.

तिने तो तुकडा घेतला. तोंडात घातला.

ओकारी येईल असं वाटलं होतं. डोळ्यांपुढे अंधारी येईल, जीभ झडेल असं वाटलं होतं. लोण्याची चव लागली, मग कांद्याची, मग काहीतरी मऊ, फिकं, खारट, ज्याला तिच्याकडे नाव नव्हतं. तिने चावलं. गळ्याने काहीएक न विचारता ते खाली घेतलं. हाच तिला सगळ्यात मोठा धक्का होता, की काहीच झालं नाही. जीभ तर तिच्या नकळत हिशोबसुद्धा करू लागली होती.

"काय कमी हाय?" ईरप्पांनी विचारलं.

"आंबट," ती म्हणाली. आवाज तिला परका वाटला. "दही आज गोड लागलंय."

"दह्यानं न्हाई भागायचं," ईरप्पा म्हणाले. "माशाला लिंबूच लागतंय."

चंद्रिका उभीच राहिली. मग पलंगाचा कठडा धरून खाली बसली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"पयल्या दिवसापासून. चादरी घेऊन मंगळूरला जात होतो की तरुणपणी. व्यापारी शेजारी बसून खायचे. मी शिवलो न्हाई कधी, पण वास विसरतोय व्हय माणूस?"

"आणि तरी खाल्लंत?"

"भूक लागली होती." ते स्वतःच्या तळहातांकडे बघत होते. "लई दिवसांनी लागली होती. पयला घास घेतला, कळलं, आणि दुसरा घेतला. मग तू सोयाबीन म्हणालीस. मला बरं वाटलं. वाटलं, हिलाही ठाऊक न्हाई. मग एक दिवस गच्चीवरनं पदर नाकाला लावून उतरताना बघितलं तुला."

"मग तेव्हाच का न्हाई बोललात?" तिचा आवाज चढला. "मी रोज मरत होते इथं दारामागं! आणि आता मला... मला का खायला लावलंत हो?"

उरलेलं सँडविच त्यांच्यापुढे होतं, एक कोपरा तुटलेलं.

"एकट्याला जाईना," ते म्हणाले.

चंद्रिका उठली. ती मागच्या मोरीवर गेली, नळ सोडला, ओंजळीने पाणी घेतलं आणि चूळ भरली. गाल फुगवून, मोरीच्या कठड्याला धरून ती वाकून उभी राहिली. समोर पांढरी फरशी होती आणि तिच्यावरून वाहणारं पाणी.

"अगं," आतून हाक आली. "लिंबू हाय काय घरात?"

तोंड भरलेलं होतं, उत्तर देता येत नव्हतं. हाक पुन्हा आली. या वेळी आवाज जरा घाबरलेला होता, उत्तर येतंय की नाही अशा काळजीचा.

चंद्रिकेने चूळ गिळली.

"हाय की," ती म्हणाली. "आणते."