चौथ्या पट्ट्याचा ओलावा

भाचीने लिंबाच्या बागेच्या बारा पट्ट्यांत ओलावा मोजणारा एकेक सेन्सर पुरला आणि मामाच्या हातचं काम गेलं. तीस वर्षं बागेचं पाणी तोच बघायचा. आता जमिनीतली ओल बिनतारी थेट भाचीच्या फोनवर कळायची. माती सुकली की त्या पट्ट्याचा व्हॉल्व्ह आपोआप उघडायचा, पुरेसं झालं की मिटायचा. विहिरीतलं निम्मं पाणी वाचू लागलं. मामाला ते दिसत होतं, पण पटत नव्हतं.

एकदा चौथ्या पट्ट्यात त्याने माती चाचपून पाहिली. वरून कोरडी ठणठणीत. "झाडं तहानलीत आणि यंत्र झोपा काढतंय," असं पुटपुटत त्याने जुन्या पाटातून हाताने पाणी सोडलं. मग भाची दुपारी जेवायला घरी गेली की रोज अर्धा तास तेच.

भाची हैराण झाली. दहा दिवस त्या पट्ट्याचा व्हॉल्व्ह उघडला नव्हता, तरी फोनवर ओलावा वाढतच होता. तिने सेन्सर बदलला. नवाही तेच सांगू लागला. शेवटी तिने दुकानदाराला फोन लावला.

"तुमचा माल खोटं बोलतो. सगळे बारा परत न्या."

मामा शेजारीच फावडं धूत होता. मूग गिळून बसलं की जुने दिवस आपसूक परत येणार होते. तो बसलाही. पण दुसऱ्या दिवशी चौथ्या पट्ट्यात पानं पिवळी दिसली. त्याने एका झाडाच्या बुडाशी फूटभर खणलं. खाली नुसता चिखल, आणि मुळांना कुजका वास.

तशाच बरबटलेल्या हातांनी तो भाचीसमोर उभा राहिला.

"यंत्र खरं बोलतंय. पाणी मी सोडत होतो."

भाचीने विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? मामाला आता काम उरलं नाही, हे?"

"ते मीच विचारायला हवं होतं. पण झाडांनी तुझं काय वाकडं केलं होतं?"

मामाने दुकानदाराला स्वतः फोन करून चूक कबूल केली. दुकानदार हसला. म्हणाला, "दर दोन बागांमागे एक मामा निघतोच."

वीस दिवस चौथ्या पट्ट्याचं पाणी बंद राहिलं. मामाने चर खणून साचलेलं पाणी काढून दिलं. तेवीस झाडं सावरली, दोन गेली. ती त्यानेच उपटली. त्या जागी नवी कलमं लावताना भाचीने सेन्सर त्याच्या हातात दिला.

"किती खोल पुरायचा, तू सांग."

"मुळं जातील तिथवर," मामा म्हणाला आणि खणू लागला.