मावशीची न पुसलेली ओळ

मी एक जुना पांढरा फळा आहे. माझा एक कोपरा चेपलेला आहे, चौकटीचा एक स्क्रू गायब आहे आणि माझ्या बरोबर मधोमध काळ्या शाईतली एक ओळ आहे, जी कुणालाही पुसता आली नाही. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी रडगाणं गाणार नाही. ज्यांना रडगाणं ऐकायचं असेल त्यांनी एखाद्या मोडक्या छत्रीकडे जावं.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्यावर पांढरा रंग चढवून मला भट्टीत भाजलं, चारी बाजूंनी ॲल्युमिनियमची चौकट ठोकली. तपासनिसाने माझ्यावर एक रेघ ओढली, बोटाने पुसली आणि मला पास केलं. पुढे मी एका सॉफ्टवेअर कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर, पाण्याच्या मशिनशेजारी लागलो. पहिली काही वर्षं माझा थाट होता. सगळे इंजिनिअर माझ्यासमोर उभे राहून चौकोन काढत, चौकोनांना बाण जोडत आणि ‘आता कुठे कळलं’ असं म्हणत. कौतुक मला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

त्या ऑफिसात एक रीत होती. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी प्रत्येकाने त्या वर्षाचं आपलं एक ध्येय माझ्यावर लिहायचं. मॅनेजर साहेब ते फॉर्मवर उतरवून घेत आणि संध्याकाळी मला पुसून टाकत. मार्चपर्यंत ती ध्येयं कुणाच्याही लक्षात नसत. डिसेंबर आला की खरी गंमत सुरू होई. वर्षभरात जे काही हातून झालं असेल, तेच जानेवारीत ठरवलं होतं असं फॉर्मवर बेमालूम बदलून टाकायचं. सगळ्यांची ध्येयं दरवर्षी पूर्ण! मी भिंतीवरून सगळं पाहायचो आणि माझा नुसता तिळपापड व्हायचा.

मग मावशी आली. ती कुणाची सख्खी मावशी नव्हती. मुलीसाठी सहा वर्षं घरी राहून ती पुन्हा नोकरीला लागली होती आणि बाकीच्यांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी होती, म्हणून पोरांनी तिचं नाव मावशी ठेवलं. तिने ते हसून घेतलं. तिच्या बरोबरीचे लोक कधीच सीनियर झाले होते, ही मात्र खालच्याच पायरीवर. फॉर्ममध्ये एक तरी मोठं काम स्वतःच्या नावावर लागल्याशिवाय ती पायरी चढता येत नव्हती, आणि पहिल्या दोन वर्षांत तिच्या कामापुढे ‘टीमला मदत केली’ एवढंच लिहिलं गेलं होतं.

तिसऱ्या जानेवारीत तिने मार्कर उचलला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘रक्तपेढीच्या प्रोग्रॅममधली साठ्याची मोजणी मी नव्याने लिहून डिसेंबरआधी चालू करीन. – मावशी.’

हा प्रोग्रॅम आमच्याच कंपनीने एका रक्तपेढीला करून दिला होता. त्या मोजणीला कुणी हात लावत नसे. ती लिहिणारा माणूस कधीच कंपनी सोडून गेला होता. अधूनमधून ती मोजणी रक्ताची एखादी पिशवी जास्त दाखवी आणि रक्तपेढीतल्या लोकांना फ्रीज उघडून पुन्हा हाताने मोजावं लागे.

“मावशी, चालतंय ना? मग कशाला हात लावताय?” वक्ते म्हणाला. हा आमच्याकडचा सगळ्यात छान बोलणारा इंजिनिअर, म्हणून त्याला सगळे वक्ते म्हणत.

“चालत नाहीये,” मावशी म्हणाली. “लंगडतंय.”

संध्याकाळी साहेब मला पुसायला आले. बाकी चार ओळी गेल्या, मावशीची जाईना. तिने चुकून खोक्यांवर नावं घालायचा पक्का मार्कर उचलला होता. साहेबांनी घासलं, सफाईच्या काकूंनी स्पिरिट लावून घासलं. नवाकोरा असतो तर सुटलीही असती. पण इतक्या वर्षांच्या पुसापुशीने माझी चकाकी गेली होती आणि शाई आत मुरली होती. काकू म्हणाल्या, “साहेब, हा काही सोडायला तयार नाही.” खरंच नव्हतो. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं तरी म्हणणं धरून ठेवलं होतं.

आता ती ओळ रोज सगळ्यांसमोर. लोक तिच्या आजूबाजूने चौकोन काढू लागले. मार्चमध्ये साहेब म्हणाले, “मावशी, ते मोजणीचं राहू द्या सध्या, तातडीची कामं आहेत.” मावशीने मान डोलावली. पण त्याच आठवड्यात रक्तपेढीच्या डॉक्टरीणबाई मीटिंगला आल्या. चहा घेता घेता त्यांनी मला वाचलं.

“हे या वर्षी होणार? नक्की?” त्यांनी विचारलं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “भिंतीवर लिहिलंय म्हणजे होणारच,” ते म्हणाले. त्या दिवसापासून मंगळवार मावशीचा झाला. मंगळवारी तिला कुणी दुसरं काम द्यायचं नाही.

आधी तिने जुना प्रोग्रॅम जसा आहे तसा तपासला. तो काय काय करतो हे पाहणाऱ्या त्रेसष्ट चाचण्या लिहिल्या, तेव्हा कुठे त्याला हात लावला. एकेक चाचणी नव्या प्रोग्रॅमवर पार पडली की ती माझ्यावर, आपल्या ओळीखाली एक उभी रेघ मारी. इतर लोक चौकोनांच्या नादात त्या रेघा पुसत, ती न चिडता पुन्हा मारी. दुपारी चारला तिच्या मुलीचा शाळेतून आल्याचा फोन येई, तोही ती माझ्यापाशी उभी राहून घेई. “डबा धुवायला टाक. हो, तोही. नाही गं, अजून एकवीस राहिल्यात.”

जुलैत मात्र ती हादरली. नवी मोजणी जुनीपेक्षा एक पिशवी कमी दाखवत होती. दोन दिवस ती स्वतःचीच चूक शोधत राहिली. नीट जेवली नाही, कुणाशी धड बोलली नाही. वक्तेने मोठ्या मनाने सुचवलं, “आकडा जुळवून घ्या ना, एकाच पिशवीचा तर प्रश्न आहे.” त्यावर तिने असं पाहिलं की तो पाणी न पिताच परत गेला. तिसऱ्या दिवशी सापडलं. वॉर्डातून न वापरता परत आलेली पिशवी जुना प्रोग्रॅम दोनदा मोजत होता. मावशी बरोबर होती. ती माझ्यासमोर खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून खूप वेळ हसली. मला त्या दिवशी फार आनंद झाला.

ऑक्टोबरात नवी मोजणी चालू झाली. रक्तपेढीतली हाताने मोजायची कटकट संपली. आणि डिसेंबरात साहेबांनी तिच्यापुढे फॉर्म ठेवला.

त्यात लिहिलं होतं: ‘वक्ते यांच्या नेतृत्वाखालील मोजणी सुधारणेत टीमला मदत केली.’ वक्तेने डॉक्टरीणबाईंसमोर त्या कामाचं सादरीकरण केलं होतं, एवढंच त्याचं नेतृत्व.

“यावर मी सही करणार नाही,” मावशी म्हणाली. “तिथे जे लिहिलंय, तेच इथे लिहा.”

“फळा म्हणजे काही कागदपत्र नाही,” साहेब म्हणाले.

“तुमचा फॉर्म जानेवारीत त्याच्यावरूनच उतरवला होता. ध्येय मी ठरवलं, मी पूर्ण केलं. आता ते दुसऱ्याचं कसं झालं?”

साहेब वैतागले. “दरवर्षी सगळ्यांचे फॉर्म असेच होतात. तुम्हालाच काय झालंय? अहो, अकरा वर्षं मी तुमची सगळ्यांची ध्येयं उतरवतोय. माझं काय आहे, हे कुणी विचारलंय का?”

“तुम्ही कधी लिहिलंच नाही,” मावशी म्हणाली, आणि फॉर्म तसाच ठेवून निघून गेली.

सहीशिवाय फॉर्म वर जात नसे. एक दिवस गेला, दोन गेले. पोरं कुजबुजू लागली की मावशीची नोकरी जाणार. तिलाही भीती वाटत होती. पण सही तिने केली नाही. चौथ्या दिवशी साहेब कोरा फॉर्म घेऊन माझ्यापुढे उभे राहिले आणि माझ्यावरची ओळ अक्षर न् अक्षर उतरवून घेतली. खाली लिहिलं: ‘पूर्ण.’ मावशीने सही केली. एप्रिलमध्ये ती सीनियर झाली.

मला मात्र बक्षीस म्हणून जिन्याखालची खोली मिळाली. वर काचेचा गुळगुळीत फळा आला, त्याच्यावर काहीच मुरत नाही म्हणे. माझ्या सोबतीला मोडक्या खुर्च्या आणि बटणं तुटलेले कीबोर्ड आहेत. अडगळ म्हणा, काही म्हणा. मी कुणापुढे मान झुकवणारा नाही.

या जानेवारीच्या पहिल्या सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, साहेब एकटेच खाली आले. त्यांनी दार लोटून घेतलं, खुर्च्या बाजूला केल्या आणि मावशीच्या ओळीखाली लिहिलं: ‘या वर्षी मी पुन्हा एक प्रोग्रॅम स्वतः लिहून पूर्ण करीन.’ मग मार्करला टोपण लावून ते दारापर्यंत गेले आणि पुन्हा माझ्यापाशी आले.

मित्रांनो, मला धुऊन चकचकीत करा, वर नेऊन लावा, असं मी म्हणत नाही. माझं एवढंच मागणं आहे की कुणी भिंतीवर आपलं ध्येय लिहिलं असेल, तर वर्ष संपायच्या आत त्यावर फडकं फिरवू नका. आणि स्वतःचं लिहाल तेव्हा खाली आपलं नाव घालायला लाजू नका. साहेब लाजत होते. पण शेवटी त्यांनी घातलं.