आधी दोरी, मग फरशी

फरशीवाल्याच्या सुनेला जुळी झाली त्याच वर्षी त्याच्या थोरल्या बहिणीची वाचा गेली. जिच्या तोंडाला गल्लीत कुणी लागत नसे, ती आक्का झटका आल्यापासून नुसतं "ऊं ऊं" करू लागली. तिला काय हवंय ते कळेना. पाणी दिलं तर पेला ढकलायची, उशी दिली तर भिंतीकडे तोंड फिरवायची. थंडी वाजत असेल म्हणून सगळ्यांनी तिच्यावर पांघरुणं रचली. शेवटी तिनं जेवणच टाकलं.

पाटी पुढे केली, तर तिची अक्षरंही पुसली गेली होती. फरशीवाल्याला हे फार लागलं. चाळिशी उलटेपर्यंत तो अंगठेबहाद्दर होता. अक्षरं त्याच्याकडून गिरवून घेतली होती ती आक्कानंच, कान पिळून.

"अक्षरं नाहीत ना, मग चित्रं," तो सुनेला म्हणाला.

त्यानं घरातल्या वस्तूंचे फोटो काढले. पेला, उशी, दिवा, औषध, उघडी खिडकी. ते एका पानावर मांडून छापायचे आणि आक्कानं बोट ठेवायचं, असा त्याचा बेत. सुनेनं कॉम्प्युटरवर कोरं पान उघडलं, फोटो आत कसा घ्यायचा ते दाखवलं आणि ती बाळांकडे वळली.

फरशीवाला जन्मभर खोलीच्या मध्यापासून कामाला लागत आला होता, म्हणजे कापलेले तुकडे कडेला लपतात. इथंही त्यानं पहिला फोटो पानाच्या मधोमध ओढला. तो टुणकन वर जाऊन बसला. सुनेनं येऊन फोटो कुठंही सरकतील असे मोकळे करून दिले, तर उशी पेल्यावर चढली आणि दिवा औषधाखाली दडला. ओल्या सिमेंटवरून मांजर गेल्यासारखं पान झालं.

"बाबा, इथं वरून खाली भरत जायचं," सून म्हणाली. "थांबा, तक्ता घालून देते. एका घरात एक फोटो."

पानावर उभ्या-आडव्या रेघा उमटल्या. फरशी बसवण्याआधी तो जमिनीवर ताणायचा, अगदी त्या दोऱ्यांसारख्या.

"हे आधी नाही का सांगायचं? आधी दोरी, मग फरशी."

"मला कुठं फरशी बसवता येते?"

मग मात्र त्याचा हात बसला. फोटो घराघरात बसले, सांधे सारखे आले. शेवटच्या घरात त्यानं स्वतःचा फोटो टाकला. तो लहान वाटला म्हणून कोपऱ्याऐवजी कडेला धरून ओढला, आणि तोंडाचा भोपळा झाला. हे लक्षात आलं ते कागद छापून झाल्यावर.

तो तसाच कागद आक्कापुढे धरला. तिची नजर घराघरातून फिरत भोपळ्यापाशी आली आणि ती हसली. वाकड्या तोंडानं, पण पोट हलेपर्यंत हसली. मग बोट उचलून तिनं ते उघड्या खिडकीवर ठेवलं.

सून म्हणाली, "आपण तर हिला पांघरुणात उकडत होतो."

खिडकी उघडली, पांघरुणं निघाली. वारा तोंडावर घेत आक्कानं पुन्हा कागदावर बोट टेकलं, या वेळी भोपळ्यावर, आणि पलंगाची कड थोपटली. फरशीवाला तिच्याजवळ बसला. त्या दुपारी ती पोटभर जेवली.

जुळी शाळेत जाऊ लागली त्या वर्षी, एका सकाळी आक्का गेली. खिडकी उघडीच होती.