जोडलेलं बटण

सकाळी अकरा वाजता काचेच्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी लाल बटण दाबलं आणि भट्टी बंद पडली.

ठरलं तसं नव्हतं. बाईंनी बटण दाबायचं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवायच्या आणि भट्टीने आपलं चालू राहायचं, असं ठरलं होतं.

आमंत्रणावर मात्र ‘पृथ्वीसाठी एक तास, भट्टी बंद’ असं छापलेलं होतं. शहरातल्या उद्योजकांच्या हवामान समितीच्या बाई अध्यक्ष होत्या, आणि त्या दिवशी समितीच्या प्रत्येक सभासदाने काही ना काही बंद ठेवायचं होतं. कुणी लिफ्ट बंद ठेवली, कुणी एसी. एका बिस्किटवाल्याने गच्चीवरची दिव्यांची पाटी विझवली; ती दिवसा तशीही कुणाला दिसत नसे. हमरस्ता संध्याकाळपर्यंत पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंद करावा, ही सूचनाही समितीचीच होती आणि ती बाईंनीच मांडली होती. एवढं केल्यावर स्वतःच्या कारखान्यात पंखा बंद करून भागण्यासारखं नव्हतं.

कारखान्यात औषधाच्या बाटल्या आणि जॅमच्या बरण्या होतात. त्यासाठी काच वितळवणारी गॅसची भट्टी नऊ वर्षं अखंड पेटलेली होती. अशी भट्टी विझवत नाहीत. आतली काच निवली की दगड होते, आणि निवता निवता छताच्या विटाही तडकतात. मग भट्टी दुरुस्त होत नाही, पाडावी लागते.

ही भट्टी फोरमनने स्वतः पेटवली होती. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तो सकाळी एकदा येऊन काचेच्या झरोक्यातून तिच्यात डोकावून जायचा. त्याची बायको तिला सवत म्हणायची, आणि ते सगळंच थट्टेत नसायचं. दर वर्षी बाई त्याला विचारायच्या, यंदा विजेची भट्टी घ्यायची का? दर वर्षी तो सांगायचा, हिच्यात अजून दोन वर्षं सहज निघतील. बाईंनाही हेच ऐकायचं असायचं. दोघंही समाधानाने आपापल्या कामाला लागायचे आणि हवेत जाणाऱ्या कार्बनची जबाबदारी पुढच्या वर्षाच्या अंगावर पडायची.

तेव्हा युक्तीही त्या दोघांचीच होती. गॅसच्या भट्टीचा धूर दिसत नाही. जे चालू असताना दिसत नाही, ते बंद असल्याचं सांगायला काय हरकत आहे? अडचण होती ती फक्त घरघराटाची. त्यासाठी मंडपात दोन मोठे स्पीकर आणले आणि बटण दाबताच संगीत सुरू करायचं ठरवलं. बटण बसवायचं काम इलेक्ट्रिशियनकडे गेलं.

इलेक्ट्रिशियन हा फोरमनचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. बोलता बोलता उडायचा म्हणून कारखान्यात त्याला सगळे फ्यूज म्हणायचे. कशालाच न जोडलेलं बटण बसवायला त्याने आदल्या दिवशीच कुरकुर केली होती. लाल बटण भिंतीवर असलं, की कधीतरी कुणीतरी ते जीव वाचवायला दाबणार, असं त्याचं म्हणणं. कार्यक्रम झाला की काढून टाकू, असं फोरमनने सांगितलं.

“आपल्याकडे तात्पुरतं लावलेलं कधी निघालंय, भावजी?” फ्यूजने विचारलं.

यावर फोरमनने, तुला हवं ते कर पण वेळेत कर, असं सांगून विषय संपवला. फ्यूजने वेळेत केलं. त्याने बटण मुख्य गॅस व्हॉल्व्हला जोडलं.

अकरा वाजता काय झालं ते मंडपातल्या लोकांना कळलंच नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या. संगीत मात्र वाजलं नाही, कारण बटण दाबल्यावर काहीतरी आवाज होईल म्हणून स्पीकरवाला वाट पाहत राहिला. भट्टीशेजारी काम करणारे लोक नऊ वर्षं एकमेकांशी ओरडूनच बोलत आलेले. त्यातल्या एकाने नेहमीच्या आवाजात शेजाऱ्याला विचारलं, की या बाई जेवायला घालणार आहेत का नुसत्या चहावर बोळवणार? प्रश्न शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू गेला. पाहुणे हसले. फोरमनचा चेहरा पांढरा पडला.

तासभर कुणाला काही करता आलं नाही. बाईंचं भाषण चालू होतं, आणि त्या म्हणत होत्या की ही शांतता आपण ऐकावी. भट्टी एक तास सोसेल हे फोरमनला माहीत होतं. त्या हिशेबाने तो उभा राहिला. बाराला त्याने व्हॉल्व्ह उघडायला घेतला. तो उघडला नाही. मुख्य व्हॉल्व्ह एकदा पूर्ण बंद झाला की गॅस कंपनीचा इंजिनिअर येऊन, सगळे सांधे तपासून, स्वतःच्या हाताने कुलूप काढतो. नऊ वर्षांत तो कधी बंदच न झाल्याने हा नियम कारखान्यात कुणी वाचलेला नव्हता.

फोरमनने मेहुण्याला पंपघराच्या मागे नेलं. तिथे काय बोलणं झालं ते ऐकणाऱ्या दोघांनी सारखंच सांगितलं.

“तुला डोकं आहे का? कुणी सांगितलं होतं जोडायला?”

“बाईंनी.”

“बाईंनी?”

“आमंत्रणावर छापलंय. भट्टी बंद म्हणून. मला वाटलं, एवढं छापलंय तर बंद करणार असतील.”

 मग फ्यूजच पुढे म्हणाला, की एक तास तिला काही होत नाही हे तुम्हीच ताईसमोर जेवताना सांगितलं होतं, आणि कुलपाचं मला माहीत असतं तर हात लावला नसता. हेही खरं होतं.

गॅस कंपनीला फोन केला. इंजिनिअर जागेवरच होता आणि यायला तयार होता, पण त्याचं ठाणं शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि मधला रस्ता गाड्यांना बंद. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाचा बंब एवढ्यांनाच मोकळीक होती. रुग्णवाहिकाच मागवू, पेशंट गंभीर आहे हे काही खोटं नाही, असं फ्यूजने सुचवलं. कुणी हसलं नाही. शेवटी इंजिनिअरने ठाण्यावरच्या पहारेकऱ्याची सायकल घेतली आणि हत्यारांची पेटी मागे बांधून निघाला. वजनाने तो भारी आहे आणि कॉलेज सोडल्यापासून त्याने सायकल चालवलेली नाही, हे कंपनीच्या टेलिफोनवालीने आपणहून सांगितलं.

रस्ता उघडायचा तर बाईंचा एक फोन पुरे होता. फोरमन वर त्यांच्या खोलीत गेला. तिथे वार्ताहर जेवत होते आणि शहरातल्या एवढ्या कारखान्यांत खरोखर बंद पडलेली भट्टी ही एकच, याबद्दल बाईंचं कौतुक करत होते. एकाने विचारलं होतं, एक तास होऊन गेला, तरी अजून बंद कशी? बाईंनी उत्तर दिलं होतं, “मनापासून केलं की घड्याळाकडे लक्ष राहत नाही.” ते त्याने लिहून घेतलं.

फोरमनने त्यांना दाराबाहेर बोलावलं. अंधार पडायच्या आत गॅस सुरू झाला तर भट्टी वाचेल, नाहीतर नाही, असं त्याने सांगितलं.

“बाई, रस्ता उघडायला सांगा.”

“आत्ता? हे सगळे इथे बसलेले असताना?”

“भट्टी जाईल.”

बाईंनी दारातून आत वार्ताहरांकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी विचारलं, की समजा गेलीच, तर विजेची यायला किती दिवस लागतील? हा प्रश्न त्या दर वर्षी विचारत आल्या होत्या. या वर्षी पहिल्यांदाच त्यांना उत्तर हवं होतं. फोरमनने सांगितलं, की तोवर खाली काम करणारे सगळे घरी बसतील, मीसुद्धा. आलेच, असं म्हणून त्या आत गेल्या.

दुपारी त्यांच्या सचिवाने दोन निवेदनं तयार केली. एकात भट्टी कायमची बंद करण्याचा धाडसी निर्णय होता, दुसऱ्यात प्रतीकात्मक उपक्रम यशस्वी झाल्याचा आनंद. दोन्हींवर बाईंची सही घेऊन ठेवली आहे.

चारच्या सुमारास भट्टीच्या छताकडून टक्‌ असा एक आवाज आला. फ्यूज म्हणाला, पत्रा असेल. फोरमनने झरोक्याला डोळा लावला होता, तो काढला नाही.

हे लिहीपर्यंत इंजिनिअर पुलाजवळच्या चढावर सायकल हातात धरून चालताना दिसल्याचं कळतं. वार्ताहर गेले आहेत. बाईंचा फोन त्यांच्या टेबलावर आहे. रस्ता अजून बंद आहे.