उलटं वाचलेलं जपानी पुस्तक

एप्रिल १९९७ मधला शेवटचा रविवार. आदल्या संध्याकाळी मी मुंबईहून घरी आले होते, आणि मायला एकच गोष्ट सांगायची होती: मी सिल्वासाला परत राहायला येणार नाही. सकाळपासून आता सांगते, मग सांगते, असं चाललं होतं.

सिल्वासाच्या टोकरखाडा भागातल्या आमच्या दोन खोल्यांपैकी पुढची मायच्या शिलाई मशीनची होती. ती शेजारच्या शोभाकाकूंच्या ब्लाउजला हूक लावत होती. तिला जवळचं नीट दिसेनासं झालं होतं, म्हणून मी सुईत दोरा ओवून देत होते.

"अर्ज भरला का वं?"

"भरते."

"भरते भरते काय? तीस तारीख शेवटची. शाळेत ग्रंथपालाची जागा काय दरसाल निघती? प्रभाकर मास्तर स्वतः बोलले, ममताचा अर्ज येऊ द्या फक्त."

"हो माय."

"तिथं काय करून राहिली तू? परक्या पोरींसोबत एका खोलीत. इथं पुस्तकं आहेत, इथं मी आहे."

पुस्तकं मुंबईतही होती. माय नव्हती. मी दोरा ओवला.

"ते जपानी पुस्तक काढ बरं," माय म्हणाली. "दादऱ्याची एक पोरगी आलती, ढगळ बाही पाहिजे म्हणे. त्यात आहे तशी."

ते पुस्तक १९८६ साली घरात आलं. माझे वडील, दादा, कापडाच्या कंपनीत फिटर. नवी यंत्रं जपानहून आली, ती बसवायला आलेला इंजिनिअर दोन महिने राहिला आणि गेस्ट हाउसमध्ये हे पुस्तक विसरून गेला. त्याच्या मुलीचं बॅगेत आलं असावं. मुलींसाठी काढलेली चित्रकथा, पानंच्या पानं. पुस्तकाच्या पाठीवर तीनचा आकडा होता, म्हणजे पुढेमागे आणखी भाग असणार. आमच्याकडे तेवढा एकच. दादांनी तो माझ्यासाठी आणला. मी चौदा वर्षांची होते.

मायला अक्षरओळख जेमतेम. पण या पुस्तकापुढे आम्ही दोघी सारख्याच अडाणी होतो, आणि ते तिला फार आवडायचं. दुपारी मशीन थांबवून ती चित्रांवर बोट ठेवत गोष्ट सांगायची.

"एवढाले डोळे! यांना झोप तरी कशी लागते?"

पहिल्या पानावर भर रस्त्यात मुलींचा घोळका नाचत होता. घोळदार विजारी, पंख्यासारख्या बाह्या, गळ्यात शिट्ट्या, केसांत फिती. मधोमध आमच्या गोष्टीतली मुलगी. पुढच्या पानांत मैत्रिणी कमी होत गेल्या. मग ती एका चौकात एकटी उभी. मग दार, भांडण, आई. शेवटच्या पानावर ती शाळेच्या गणवेशात घरी जेवायला बसलेली, आणि आई भात वाढते आहे.

"पाह्यलं?" माय पुस्तक मिटताना दर वेळी म्हणायची. "किती नाचली, किती भटकली, शेवटी आली ना मायजवळ."

त्या वर्षी नवरात्रात तिनं कंपनीतून आलेल्या कापडाच्या खराब ताग्यातून मला तसा पोशाख शिवला. ती मापं कधी लिहायची नाही. प्रत्येक बाईची एक दोरी असायची, छाती, कंबर, बाही अशा गाठी मारलेली, आणि कोणती दोरी कुणाची हे फक्त तिलाच कळायचं. माझीही होती. पोशाख अंगाला बरोबर बसला. निळा चकचकीत, बाह्या गुडघ्यापर्यंत.

कॉलनीच्या गरब्यात सगळ्या घागऱ्यात. वर्गातली रूपाली ओरडली, "ए ममता, मांडवाचा पडदा काढून आणलास का?" हे काय घातलंय म्हणून कुणी गुजरातीत विचारलं, "आ शुं पहेर्युं छे?" आणि हशा पिकला. मी खुर्च्यांच्या मागे जाऊन बसले. माय मला शोधत आली आणि शेजारी बसून राहिली. त्या चित्रातल्या मुलींना एकमेकींचा घोळका होता. मला वाटलं, असा घोळका कुठंतरी असेल, पण तो सिल्वासात नाही.

मुंबईत लायब्ररीत नोकरी लागली त्याला चार वर्षं होत होती. घोळका मिळाला नाही. एक खोली मिळाली, दोन मैत्रिणी, आणि संध्याकाळी कुणाला न विचारता वाचत बसायची मुभा. एकटं वाटायचंच. तरी ते एकटेपण मी निवडलेलं होतं आणि मला ते सोडायचं नव्हतं.

तिथं सुनंदा नावाची एक मुलगी जपानी शिकायची. मागच्या वर्षी मी ते पुस्तक तिला दाखवायला नेलं. तिनं ते हातात घेतलं, पालथं केलं आणि मागून उघडलं.

"ह्यांची पुस्तकं इकडून सुरू होतात," ती म्हणाली.

मग तिनं वाचून दाखवलं. मुलगी घरी जेवायला बसते. आई भात वाढते, मुलगी बोलत नाही. भांडण होतं. ती दार उघडून निघून जाते. चौकात एकटी उभी राहते. तिथं एक मैत्रीण भेटते, मग दुसरी. शेवटी भर रस्त्यात नाच.

मी पुस्तक परत आणून कपाटात ठेवलं. मायला सांगितलं नाही.

त्या रविवारीही तिनं बाहीचं चित्र पाहून झाल्यावर शेवटच्या पानापर्यंत पानं उलटली. मी म्हणाले, "माय..."

"काय?"

"काही नाही. दोरा संपला."

दुपारी वापी स्टेशनच्या जीपमध्ये बसवताना तिनं डबा दिला आणि म्हणाली, "जूनपासून हे डबे नकोत." मी हसले.

बुधवारी लायब्ररीत फोन आला. दादांना बोलता येईना, शोभाकाकूंनी फोन घेतला. माय मशीनवर बसल्या बसल्या कलंडली होती. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दहाव्यानंतर बायका आपापलं कापड न्यायला येऊ लागल्या. खिळ्यावर चाळीसेक दोऱ्या लटकत होत्या. मी एकेक हातात घेऊन पाहिली. माझी कोणती ते मलाही सांगता आलं नाही.

तेराव्याला संध्याकाळी पाहुणे गेल्यावर शोभाकाकू आणि प्रभाकर मास्तर थांबले. दादा भिंतीला टेकून बसले होते.

"तुझी आई कॉलनीभर सांगत सुटली होती," काकू म्हणाल्या. "जूनपासून ममता इथं, जूनपासून ममता इथं. समाधानानं गेली बघ."

मास्तर म्हणाले, "अर्जाची मुदत मी वाढवून घेतलीय. घरात असं झालं, म्हटल्यावर साहेब लगेच हो म्हणाले. उद्या नुसती सही कर."

दादांनी तेरा दिवसांत पहिल्यांदा मान वर केली. "बरं झालं," ते म्हणाले. "तिच्या मनासारखं होईल. मलाही..."

हो म्हणणं फार सोपं होतं. मी आजवर तेच करत आले होते. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला कळलं की आता गप्प राहिले तर उरलेलं आयुष्य मी या खोलीत गप्पच राहीन.

"दादा," मी म्हणाले, "मला इथं यायचं नाहीये. त्या रविवारी मी मायला तेच सांगायला आले होते. अर्ज मी भरणारच नव्हते. ती विचारत राहिली आणि मी हो म्हणत राहिले."