चपला घातलेला भोपळा

मित्रांनो, मी एकाच बटणाचा खेळ आहे. वयाने फार जुना नाही, पण माझी पेटी फणसाच्या लाकडाची असल्याने दिसतो तसा. पेडणे तालुक्यातल्या विर्नोड्यात, सुतारकाम करणाऱ्या सगुणच्या घरी मला बनवलं. पेटी सगुणने केली. त्याची मुलगी सेजल संगणकाचं शिकत होती, तिने आत पडदा, तारा आणि बॅटरी बसवली. आवाज सगळे तिच्या आईचे, शेवंतीचे. स्वयंपाकघराचं दार लावून, हसू आवरत ती बोलली होती.

माझ्यात एक भोपळा आहे. त्याच्या पायात चपला आहेत. बटण दाबलं की तो उडी मारतो आणि कुणाच्या तरी दारात उतरतो. आतून आवाज येतो, "कोण गो तें?" दार उघडलं की कधी म्हैस केस विंचरत बसलेली असते, कधी पंख्याला सर्दी झालेली असते, कधी बांगडे एका उशीवरून भांडत असतात. भोपळा थोडा वेळ बसतो, मग "येतां हां!" म्हणून निघतो. माझ्यात कोणी हरत नाही. त्यामुळे अगदी लहान मुलंही माझ्याशी खेळायची.

संध्याकाळी शेजारची गौरवी आणि साईश घरापुढच्या सोप्यावर, ओसरीत येऊन बसत. म्हशीने "कोण गो तें?" विचारलं की आतून शेवंती ओरडायची, "भोपळो आयलो! चाय ठेव गो म्हशी!" मुलं पोट धरून हसत. ते माझे चांगले दिवस होते.

मग शेवंती आजारी पडली आणि गेली.

मित्रांनो, आमच्याकडे निघताना कोणी 'जातो' म्हणत नाही, 'येतां' म्हणतात. पण सुतकाच्या घरातून उठताना तेही म्हणत नाहीत. गप्प उठायचं आणि निघायचं. अशा कारणाने पुन्हा यायची वेळ नको, म्हणून. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. भेटायला माणसं आली होती. साईशने कोपऱ्यात मला उघडलं आणि भरल्या घरात शेवंतीच्या आवाजात मी म्हणालो, "येतां हां!"

सगळे थिजले. सगुणची थोरली बहीण गंगा आक्का तेवढी बोलली, "बंद कर तें! ह्या घरात आज येतां म्हणतात?"

सगुणने मला उचललं, बंद केलं आणि कपाटात शेवंतीच्या साड्यांमध्ये ठेवलं. तिथे डांबरगोळ्यांचा वास होता. मोपाच्या विमानतळाच्या बाजूने विमान गेलं की कपाट जरा थरथरायचं. दुसरं काही कळत नव्हतं. बाहेर मुलं मोठी होत असतील, असं वाटायचं.

नोकरीला लागलेली सेजल एकदा घरी आली तेव्हा तिने मला बाहेर काढलं. "बाबा, आवाज बदलूया? माझा घालते. मग पोरं खेळतील तरी."

"नाका." सगुणने मान हलवली.

"मग तुम्ही ऐका."

"ऐकूंक जायना गो." त्याला ते ऐकवत नव्हतं.

"असाच पडून राहिला तर बॅटरी फुगेल. सगळं बिघडेल. मग आईचा आवाज मलाही परत आणता येणार नाही."

सेजलने बॅटरी नवी घातली आणि ती कामावर परत गेली. मी टेबलावरच राहिलो. सगुण जेवताना माझ्याकडे पाठ करून बसायचा.

मग एका सकाळी गंगा आक्का आली. सगुणने मला तिच्या मांडीवर ठेवलं. "दाब," म्हणाला आणि स्वतः दाराबाहेर उभा राहिला.

"म्हाका कळना हें," ती म्हणाली. तरी तिने बटण दाबलं, आणि दाबूनच ठेवलं. भोपळा वर वर गेला, ढगांच्याही वर.

"अरे, हो खंय चल्लो?" आक्का भोपळ्यामागे बघत म्हणाली.

"बोट काढ आक्का! विमानाक आपटतलो!" सगुण दाराबाहेरून ओरडला.

तिने दचकून बोट काढलं. भोपळा एका दारात येऊन पडला. आतून आवाज आला, "कोण गो तें?"

"हांव गो, शेवंती! गंगा," आक्का म्हणाली. नेहमी या घरात येताना दारातून आपलं नाव सांगायची तसंच.

मग तिच्या लक्षात आलं. तिने पदर तोंडाला लावला. सगुण आत आला आणि तिच्याजवळ बसला. दोघं रडली. थोड्या वेळाने आक्कानेच पुढचं विचारलं, "म्हशीन दार उघडलां न्हू? मागीर कितें?" आणि सगुणने, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, बटणावर बोट ठेवलं.

आता मी सोप्यावर असतो. गौरवी शाळेत जाते, साईशला मोठे खेळ मिळाले. बऱ्याच दुपारी कोणी येत नाही. सगुण मला पुसतो, चार्ज करतो आणि कामाला लागतो. बटण तो रोज दाबत नाही. त्याला ते जमत नाही, आणि मी त्याच्यावर रागावत नाही.

मित्रांनो, गेलेल्या माणसाचं काही तुमच्या घरात असेल, तर जपायचं म्हणून ते कपाटात कोंडून ठेवू नका. अधूनमधून हातात घ्या. माझ्यात शेवंतीचं बोलणं अजून आहे. पण ते मला आपणहून बोलता येत नाही.